मी गाळलेलं वाक्य

आमचे बाबा दूध डेअरीत बाटल्या धुवायचे. ही गोष्ट तुला मीच सांगितली होती, वैजू, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, तालमीच्या हॉलबाहेरच्या पायरीवर. आज इथूनच सुरुवात करते, कारण आपलं भांडण यावरून झालं आणि ते मिटायच्या आत तू गेलीस.

बाबा यवतमाळकडून आले ते कात्रजला. एक खोली, वर पत्रा, पाण्याला सार्वजनिक नळ. दिवसभर सोड्याच्या गरम पाण्यात हात असायचे, त्यामुळे बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. जेवताना कालवणातलं तिखट त्या भेगांत जायचं, म्हणून आई त्यांना घास भरवायची. मी आणि माझा भाऊ हसायचो. एवढा मोठा मिशीवाला माणूस आणि लहान पोरासारखा आ करतो! आई आम्हाला कधी रागावली नाही. म्हणायची, "हासा. तुमचे हात कोरडे राहो म्हंजे झालं."

माझे हात कोरडे राहिले. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी, इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास, तेही पहिल्या झटक्यात. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि तू दरवेळी मागून म्हणायचीस, "झालं का शकूचं बिरुद वाचून?"

तुझं घर नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. मी पहिल्यांदा आले तेव्हा चपलांच्या कपाटावरसुद्धा पुस्तकं रचलेली पाहिली. पुस्तकं पाहून आनंद होतो असं लोक लिहितात. मला राग आला होता. तुम्ही जांभई द्यावी इतक्या सहज इंग्रजी बोलत होतात. तुझी आई मला "अगं, लाजू नकोस, घे ना" म्हणत चकल्या पुढे करत होती आणि मी मनात म्हणत होते, मी लाजत नाहीये, मी मोजतेय. तुझ्याकडे काय आहे आणि माझ्याकडे काय नाही, याची मोजणी मी त्या दिवशी सुरू केली. तू गेलीस तरी ती थांबलेली नाही.

कॉलेजच्या एकांकिकांत तू काम करायचीस, मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग. मला अख्खं नाटक पाठ असायचं, सगळ्यांची वाक्यं. तुला तुझीसुद्धा नसायची. एकदा ऐन स्पर्धेत तू अडकलीस. मी विंगेतून वाक्य दिलं, तू ते असं घेतलंस की परीक्षकांना वाटलं ती जीवघेणी शांतता तू मुद्दामच घेतलीस. अभिनयाचं बक्षीस मिळालं. त्यात 'शांततेचा उत्तम वापर' असा खास उल्लेख होता. तू पोट धरून हसलीस. "शके, यातला अर्धा कप तुझा." मी म्हटलं, "कापून दे." तू खरंच सुरी शोधायला निघालीस.

मग कंपन्यांनी माणसं उचलायला सुरुवात केली. साल दोन हजार उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडतील या धास्तीवर पुण्यातल्या किती घरांत सूटकेसा भरल्या गेल्या, देव जाणे. त्यातली एक तुझी. माझ्या वाट्याला त्याच लाटेचा शेपटाकडचा भाग आला. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की फोनवर पुटपुटतात, ते पुण्यात बसून ऐकायचं आणि टाइप करायचं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पाय दाबला की डॉक्टर बोलतो, उचलला की गप्प. नियम तीनच. ऐकू आलं ते लिहायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही आणि ऐकलेलं गाळायचं नाही. आणि कळलं नाही तिथे अंदाज न बांधता रिकामी रेघ सोडायची. आठ वर्षांत माझ्या कामात कुणी गाळलेला शब्द दाखवू शकलं नाही.

डॉक्टरांच्या कामात नाही, असं म्हणायला हवं.

तू तिकडे नाटकं बघायला लागलीस. पत्रं यायची. 'इथल्या नाटकात एक सोफा असतो, शके. सुट्टीला सगळे एकत्र जमतात आणि जेवण होईपर्यंत त्या सोफ्यावर एक कुटुंब मोडतं. मोडतात मात्र काय सुंदर!' मी ते पत्र बसमध्ये वाचलं आणि तुझा हेवा करता करता माझा स्टॉप गेला. तू ते बघत होतीस! थंडीचा कोट घालून, पाचव्या रांगेत बसून. मी पुण्यात कुणाच्यातरी पित्ताशयाचं वर्णन टाइप करत होते.

मग तुझ्या डोक्यात आलं की या नाटककारांशी, समीक्षकांशी बोलायचं. नावाजलेलेच पाहिजेत असं नाही, आज लिहिणारे पाहिजेत. बोलणं कॅसेटवर घ्यायचं, कॅसेट पुण्याला येणाऱ्या कुणाच्याही बॅगेतून पाठवायची, मी ऐकून मराठीत आणायचं. आपल्या ओळखीचं ते नाटकाचं त्रैमासिक छापायला तयार होतं. पहिली कॅसेट बदामाच्या पुडीत आली. तुझ्या नवऱ्याच्या मावशीने ती तुझ्या घरी पोचवली, तिथून तुझ्या आईने मला फोन केला, "अगं, तुझं काहीतरी बदामांत आलंय."

ती कॅसेट शिकागोच्या नाटककार बाईंची होती. तू छान बोलत होतीस, बाई छान बोलत होत्या, आणि मी पेडल दाबत चिडत होते. कारण विचारायचं तेच तू विचारत नव्हतीस. बाई म्हणाल्या, माझी माणसं घरी येऊन बोलतात. तू म्हणालीस, वा. अगं, वा काय? मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'इथे विचारायला हवं होतं: तुमच्या नाटकांतली माणसं कामावरून घरी आल्यावरच का बोलतात? काम करताना ती स्टेजवर का दिसत नाहीत?' अशा चिठ्ठ्या साठल्या, त्या सगळ्या मी तुला पाठवल्या. वाटलं होतं तू रागावशील. तू त्या घेऊन बाईंकडे पुन्हा गेलीस.

दुसऱ्या कॅसेटवर तुझा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो. प्रश्नाच्या आधी तू म्हणालीस, "हा प्रश्न माझा नाही. पुण्यात माझी मैत्रीण आहे, शकू. तिने एकही अमेरिकन नाटक पाहिलेलं नाही. तिचे वडील डेअरीत बाटल्या धुवायचे. तिने विचारलंय..."

आणि बाई म्हणाल्या, "ओ! हाउ वंडरफुल!"

मी पेडलवरचा पाय उचलला. कान तापले होते. त्या 'वंडरफुल'मध्ये मला तुझ्या आईने पुढे केलेली चकलीची ताटली दिसली. मला कुणाचं कौतुकाचं गरीब पोर व्हायचं नव्हतं. माझा प्रश्न प्रश्न म्हणून उभा राहू दे, बापाच्या हाताला धरून कशाला? मी ते वाक्य गाळलं. टाइप केलं ते सरळ: 'प्रश्न.' आणि पुढे प्रश्न.

उत्तर मात्र मी शब्दन्‌शब्द उतरवलं.  बाई म्हणाल्या, त्यांची आई हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची, त्या वाफेच्या खोलीत त्या वाढल्या. पण नाटक लिहायला बसल्या की हात आपोआप सोफा लिहायचा. "माझ्या प्रेक्षकांच्या घरी सोफा आहे," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगायचं तर मला त्या खोलीची लाज वाटत होती."

हे मी टाइप केलं, वैजू. याच बोटांनी, वरचं वाक्य गाळून अर्धा तास झाला नसेल. आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही पेटलं नाही.

अंक आला. 'मुलाखत: वैजयंती' ठळक, 'शब्दांकन व अनुवाद: शकुंतला' खाली, मुंगीच्या अक्षरात. तो प्रश्न गाजला. तू त्या वर्षी सुट्टीवर आलीस तेव्हा परिसंवाद ठेवला होता. एक ज्येष्ठ समीक्षक उठून म्हणाले, "वैजयंतीबाईंचा हा एक प्रश्न आपल्या मराठी नाटकाच्या दिवाणखान्याला विचारला पाहिजे." टाळ्या पडल्या. तू माझ्याकडे पाहिलंस, मी छताच्या पंख्याकडे. चहाच्या वेळी तेच समीक्षक माझ्यापाशी आले. "आपण त्यांचं टायपिंग करता ना? स्वच्छ असतं हो. पुण्यात हल्ली स्वच्छ काही मिळत नाही." मी म्हटलं, "आपलं भाषणही स्वच्छ होतं. काही शिल्लकच राहिलं नाही." ते हसले. मी घरी येऊन रडले. आपणच दार लावून घ्यायचं आणि आत कुणी बोलवत नाही म्हणून रडायचं, अशातली गत.

वर्षानुवर्षं हेच चाललं. कॅसेटी गेल्या, फाइली आल्या. दरवेळी तू म्हणायचीस, "हा शकूचा प्रश्न." दरवेळी मी ते गाळायची. दरवेळी अंक आला की माझा जळफळाट व्हायचा. तुला छापलेलं दिसत होतं. तू बोलली नाहीस. मीही नाही.

न्यूयॉर्कच्या त्या म्हाताऱ्या समीक्षकाची मुलाखत आठवते? वर्तमानपत्राने त्याची जागा कापत कापत चार बोटांवर आणली होती. म्हणाला, "आता मी नाटकाबद्दल लिहीत नाही, पाचपैकी किती ते ठरवून चांदण्या वाटतो." माझा प्रश्न होता, चांगलं नाटक पाहून तुम्हाला मत्सर वाटतो का? तू नंतर फोनवर म्हणालीस, "शके, हा विचारताना मला भीती वाटली, बाई." तो मात्र खूश झाला. तरुणपणी दोन नाटकं लिहिली होती त्याने, दोन्ही पडली. "प्रत्येक चांगलं नाटक हे मी न लिहिलेलं नाटक असतं. ज्या दिवशी मी सगळ्यात जास्त जळतो, त्या दिवशी सगळ्यात नीट बघतो." ते वाक्य मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. कुणी विचारलं तर म्हणायची, डॉक्टरांचा सल्ला आहे.

तुला मी फार नीट पाहिलंय, वैजू. त्या न्यायाने तुझ्यावर माझ्याएवढं कुणी लिहू शकणार नाही.

आणि मग ते भांडण. दोन वर्षांपूर्वी, तुझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात. तू पोहे परतत होतीस. मुलाखतींचं पुस्तक करायचं ठरत होतं आणि प्रकाशकाने मुखपृष्ठाचा नमुना पाठवला होता. त्यावर एकच नाव. मी इतकंच म्हटलं, "छान आहे. नाव ठळक आलंय."

तू गॅस बंद केलास. "बोल."

"काय बोलू? प्रश्न माझे, तोंड तुझं. गावभर वैजयंतीबाईंचे प्रश्न."

"मी दरवेळी तुझं नाव घेते. टेपवर आहे. कोण गाळतं?"

"तू माझं नाव घेत नाहीस, माझ्या बापाच्या बाटल्या दाखवतेस!"

"एकदा म्हटलं गं ते. पहिल्या वेळी. नंतर नुसतं 'शकूचा प्रश्न' म्हणते. तेही गाळतेस. आणि तो प्रश्न आला कुठून? माझ्या डोक्यात का नाही आला? माझ्या बापाने उभ्या जन्मात एक बशी विसळली नाही, म्हणून."

"मग यापुढे घेऊच नकोस माझं नाव. अजिबात."

"ठीक."

"ठीक."

पोहे आपण खाल्ले. पुण्यात भांडणामुळे पोहे टाकत नाहीत. तू लिंबू माझ्याकडे सरकवलंस, मी पिळलं नाही. एवढंच काय ते आपलं युद्ध. मुखपृष्ठाचं काम तू थांबवलंस. तू परत गेलीस, शिकागोच्या त्याच बाईंना पुन्हा भेटलीस, आणि फाइल पाठवलीस. मी ती उघडली नाही. आधी रागाने. मग तुझ्या आजाराचं कळलं तेव्हा भीतीने.

तू पुण्याला परत आलीस ती उपचारांनी थकून. मी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा तू उशीला टेकून बसली होतीस. मी डाळिंब सोलत होते. आपण काय बोललो? माझ्या भाचीच्या ॲडमिशनबद्दल. तुमच्या गल्लीतल्या पार्किंगबद्दल. निघताना तू म्हणालीस, "शेवटची फाइल टाइप केलीस?"

"करते."

"सावकाश कर. मला घाई नाही."

हे तू हसून म्हणालीस. मला कळलं ते, आणि मी ते न कळल्यासारखं केलं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द. डाळिंबाच्या सालींबरोबर तेही मी कचऱ्यात टाकून आले.

शोकसभेला हॉल भरला होता. खरं सांगू? मला तिथेही हेवा वाटला. माझ्यासाठी एवढी माणसं येणार नाहीत. ते समीक्षक आता काठी टेकत आले होते. त्यांनी त्या प्रश्नाचा उल्लेख केला, 'वैजयंतीचा प्रश्न' म्हणून. मी मधल्या रांगेत बसून होते. माझ्याखेरीज त्या हॉलमध्ये खरं माहीत असलेली एकच बाई होती, आणि ती हार घातलेल्या फोटोत होती.

तेराव्यानंतर मी फाइल उघडली. पाय पेडलवर ठेवला. बाईंचा आवाज म्हातारा झालाय, तुझाही थकलेला. त्यांनी मधल्या काळात ते नाटक लिहिलं होतं. वाफेच्या खोलीचं. चार बायका अख्खं नाटकभर चादरी घड्या घालतात आणि बोलतात. सोफा नाही. कबूल केलं त्यांनी, तो पुण्याचा प्रश्न डोक्यातून गेला नव्हता म्हणून. मग भांडणाच्या आधी, त्या नाटकाची बातमी आली तेव्हाच, मी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या प्रश्नाची पाळी आली. तुमच्या आईने ते नाटक पाहिलं का?

तू थांबलीस. 'हा शकूचा प्रश्न' जिथे यायचा, तिथे नुसता तुझा श्वास आहे. मी घड्याळ लावून पाहिलं, चार सेकंद. मी सांगितलं होतं ना, घेऊच नकोस माझं नाव. तू घेतलं नाहीस. पण त्या जागी दुसरं काही ठेवलंही नाहीस. मग प्रश्न विचारलास.

बाई हसल्या. "आली ना. मध्यंतरात म्हणाली, नाटक बरं आहे, पण त्या पोरी चादर चुकीची धरतात. दुसऱ्या दिवशी तालमीच्या हॉलवर आली आणि चौघींना घडी घालायला शिकवून गेली."

मी ते चार सेकंद कितीदा ऐकले ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांकडे गेले. ते आता पंचाऐंशीचे आहेत, हात मऊ झालेत, स्वतःच्या हाताने जेवतात. जुन्या कॅसेटवरचं ते पहिलं वाक्य मी त्यांना लावून दाखवलं आणि मराठीत सांगितलं.

"अमेरिकेत माह्या बाटल्यांचं सांगतलं तिनं?"

"हो."

"मंग ते बाई काय म्हने?"

"वंडरफुल म्हणाली."

"म्हंजे?"

"छान."

बाबांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. मग म्हणाले, "मंग तू कापलं काहून?"

याचं उत्तर माझ्याकडे बी.ए. होऊनही नव्हतं. तुझ्याकडे होतं. तुला विचारलं असतं तर सांगितलंही असतंस, पोहे परतता परतता.

मी सगळ्या कॅसेटी, सगळ्या फाइली पुन्हा काढल्या. पेडलने, पहिल्यापासून. जिथे जिथे 'हा शकूचा प्रश्न' होतं, तिथे ते परत घातलं. बाटल्याही घातल्या. 'वंडरफुल'सुद्धा, आणि आता वाचताना त्यात मला चकलीची ताटली दिसत नाही. बहुतेक ती तेव्हाही तिथे नव्हती. शेवटच्या मुलाखतीत, तू थांबलीस तिथे, माझं नाव घालायचा मोह झाला. घातलं नाही. आपल्या पदरचं घालायचं नाही. तिथे मी एक रिकामी रेघ सोडली आहे. वाचणाऱ्यांना ती छपाईची चूक वाटेल. वाटू दे.

हेवा गेलेला नाही. तू ती नाटकं पाहिलीस आणि मी नाही, हे मला मरेपर्यंत सलणार आहे. आणि तू नसताना मी कुणावर जळू? बाकीच्यांवर जळायला तेवढी माहिती नाही.

काल प्रकाशकाकडे शेवटची प्रुफं देऊन आले. चौदा मुलाखतींचं पुस्तक पूर्ण झालंय. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, सारख्या अक्षरात, आधी तुझं, मग माझं. आत तू बोललेलं एकही वाक्य गाळलेलं नाही.